अळीच्या पोटातला पाहुणा

पूरक आहाराच्या डबीवर किंवा औषधाच्या रंगीत पत्रकावर ही गोष्ट हमखास सापडते. रेशमाचा किडा कोषात स्वतःला कोंडून घेतो. पतंग होऊन बाहेर पडायची वेळ आली की तो एक रस सोडतो, त्या रसाने कोष विरघळतो आणि पतंग मोकळा होतो. शास्त्रज्ञांनी म्हणे तोच रस काढला, त्याची गोळी केली, आणि आता ती गोळी माणसाच्या अंगातली सूज, पू, कफ असं नको ते सगळं विरघळवते.

अक्कलदाढ काढल्यावर पाच दिवस मीही ही गोळी घेतली होती आणि ही गोष्ट खरी मानली होती. एक गाल पेरूएवढा झालेला आणि तोंडात चमचा शिरत नसेल, तेव्हा कोष फोडून बाहेर पडणारा पतंग माणसाला फार जवळचा वाटतो. पुढे कधीतरी कुतूहलाने वाचत गेलो तेव्हा कळलं की या गोष्टीत दोन वेगळ्याच जिवांची सरमिसळ झाली आहे. पतंग कोष विरघळवतो हे खरं. गोळीतलं एन्झाइम रेशमाच्या अळीतून मिळालं हेही खरं. पण हा रस आणि ते एन्झाइम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आधी पतंगाचं पाहू. कोषातून निघालेल्या रेशीमपतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. तो काही खात नाही, पीत नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचं, एवढंच काम उरलेलं असतं. मग हा बिनतोंडाचा जीव रेशमाची भिंत फोडतो कशी? हार्वर्ड विद्यापीठात फोटिस काफाटोस हा तरुण ग्रीक संशोधक आणि त्याचे गुरू कॅरोल विल्यम्स यांनी १९६४ मध्ये याचा उलगडा केला. त्यांनी अभ्यास केला तो अँथेरिया वंशातल्या रानटी रेशीमपतंगांचा. जबड्याच्या जागी उरलेल्या दोन छोट्या अवयवांतून एक एन्झाइम पाझरतं आणि पतंगाच्या तोंडावर वाळून खडा होऊन बसतं. बाहेर पडायच्या वेळी दुसऱ्याच एका ग्रंथीतून खारट, किंचित अल्कधर्मी पाणी येतं आणि तो वाळलेला खडा त्यात विरघळून कामाला लागतो. कोरडी पूड एका पुडीत, द्रव दुसऱ्या बाटलीत आणि वापरायच्या वेळी दोन्ही एकत्र करायचे, तसाच हा बंदोबस्त. या एन्झाइमला त्यांनी ‘कोकूनेझ’ नाव दिलं. ते धाग्याला हात लावत नाही, धागे एकमेकांना चिकटवणारा सेरिसिन नावाचा डिंक तेवढा पचवतं. डिंक सुटला की पतंग डोकं घालून धागे बाजूला सारतो आणि बाहेर येतो.

अँथेरिया म्हणजे आपल्याकडचं टसर. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर ढीवर समाजातली माणसं जी अळी वाढवतात, ती याच वंशातली. पतंग बाहेर पडलेल्या कोषाला भोक पडतं आणि त्यातून सलग धागा निघत नाही, हे त्यांना सांगायला हार्वर्डची गरज नव्हती. म्हणून तर बियाण्यापुरते कोष राखून बाकीचे पतंग निघायच्या आत वाफवले किंवा वाळवले जातात. रेशमाचा सगळा धंदा उभा आहे तो पतंगाला कोकूनेझ वापरायची संधी न देण्यावर.

तर हा झाला पतंगाचा स्वतःचा रस. आता पाहुण्याकडे वळू.

ओसाका शहरात दोशोमाची नावाचा भाग आहे. शेकडो वर्षं औषधांच्या व्यापाऱ्यांचा. आपल्या मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटचा जपानी थोरला भाऊ म्हणावा असा. १७८१ मध्ये तिथे चोबेई ताकेदा नावाच्या माणसाने जडीबुटीचं दुकान टाकलं. त्या दुकानाची पुढे ताकेदा ही जपानमधली बलाढ्य औषधकंपनी झाली. १९६०च्या दशकात या कंपनीचे संशोधक जिवाणूंच्या मागे लागले होते. त्यांना हवं होतं प्रथिनं पचवणारं एन्झाइम, आणि ते प्राण्याच्या अवयवातून नको होतं, जिवाणूकडून हवं होतं.

हवं कशासाठी, तर तो काळच एन्झाइमच्या वेडाचा होता. न्यूयॉर्कमध्ये अर्व्हिंग इनरफील्ड या डॉक्टरने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातलं एन्झाइम टोचून सूज उतरते असं दाखवण्याचा प्रयत्न केला आणि त्यामागोमाग गुरांच्या स्वादुपिंडातलं कायमोट्रिप्सिन, अननसाच्या दांड्यातलं ब्रोमेलेन अशी एकेक प्रथिनभक्षक मंडळी औषधांच्या यादीत शिरली. यामागचं तर्कशास्त्र वरवर पाहता बिनतोड होतं. सुजलेल्या जागी रक्तातून पाझरलेली प्रथिनं साचतात, फायब्रिनचं जाळं तयार होतं, मेलेल्या पेशींचा चिखल होतो. कफ चिकट होतो तोही प्रथिनांमुळेच. मग प्रथिनं खाणारं काहीतरी तिथे पाठवलं तर वाट मोकळी होईल. कायमोट्रिप्सिनची गोळी आजही आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मिळते.

जपानी माणसाला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. बुरशीने सोयाबीनमधली प्रथिनं फोडून मिसो आणि सोया सॉस करायची विद्या त्या देशात घरोघर होती. एन्झाइम म्हणजे त्यांच्या दृष्टीने स्वयंपाकघरातली जुनी ओळखीची बाई. आणि रेशमाची अळी तर देवच. खेड्यांत तिला नुसतं ‘अळी’ म्हणायची प्रथा नव्हती. तिच्या नावापुढे आदरार्थी प्रत्यय लागायचा, आपण ‘अळीसाहेब’ म्हटल्यासारखा. दुसऱ्या महायुद्धाआधी कित्येक दशकं देशाची परकीय चलनाची तिजोरी याच साहेबांनी भरली होती.

अळीसाहेबांचं पोट ही मोठी विलक्षण जागा. तुतीचा पाला अखंड आत येतो आणि आतला रस इतका अल्कधर्मी असतो की धुण्याच्या सोड्याची आठवण यावी. पीएच दहाच्या आसपास आणि त्याहून वरही. बहुतेक जिवाणू तिथे टिकत नाहीत. जे टिकतात, त्यांनी बनवलेली एन्झाइमंही तशा वातावरणाला सरावलेली असण्याची शक्यता मोठी. ताकेदाच्या लोकांना अशाच एका अळीच्या आतड्यातून सेराशिया वंशातला जिवाणू मिळाला. त्याला ई-१५ असा रुक्ष क्रमांक पडला. तो सढळ हाताने एक प्रथिनभक्षक एन्झाइम बाहेर टाकत असे. १९६८ मध्ये त्याची गोळी ‘डाझेन’ या नावाने जपानी बाजारात आली. मियाता, माएजिमा, तोमोदा आणि इसोनो या चौघांचा, ते एन्झाइम शुद्ध कसं केलं आणि त्याचे गुण काय, हे सांगणारा निबंध छापून आला १९७० मध्ये. म्हणजे वरात आधी निघाली आणि पत्रिका मागाहून छापली.

सेराशिया या नावाची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८१९ च्या उन्हाळ्यात इटलीत पाडुआजवळच्या लेन्यारो गावात एका शेतकऱ्याच्या घरी पोलेंटावर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीवर, रक्तासारखे लाल डाग उठले. गावात बोंब झाली; सैतान आला, घरात पाप आहे, वगैरे. बार्तोलोमेओ बिझियो नावाच्या तरुण औषधशास्त्रज्ञाने ताज्या उकडीला तो लाल डाग लावला आणि दमट जागी ठेवला. दुसऱ्या दिवशी तीही लाल. सैतानाची अशी कलमं करता येत नाहीत, तेव्हा हा कुणीतरी जीव आहे असं त्याने सांगितलं. तो जीव त्याला बुरशी वाटली, एवढीच चूक. त्याला नाव देताना त्याने सेराफिनो सेराती या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाचं स्मरण केलं. का, तर वाफेची बोट सेरातीने आधी केली आणि श्रेय परक्यांनी लाटलं असं बिझियोचं मत होतं. राष्ट्राभिमानाचं असं उट्टं एका लाल डागावर काढलेलं दुसरीकडे पाहायला मिळणार नाही.

लाल रंगामुळे हा जिवाणू फार काळ निरुपद्रवी खूणगाठ म्हणून वापरला गेला. सप्टेंबर १९५० मध्ये अमेरिकी नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातून त्याचा फवारा शहरावर सोडला, जिवाणूंचा हल्ला झाला तर तो कुठवर पसरेल हे पाहायला. शहराला कुणी विचारलं नव्हतं. नंतर इस्पितळांना कळलं की अशक्त रुग्णाला हा जिवाणू चांगलाच भोवतो. ही कुंडली ध्यानात ठेवावी. पुढे लागणार आहे.

गोळीतलं एन्झाइम आपल्याकडे सेरॅटिओपेप्टिडेझ या अडखळायला लावणाऱ्या नावाने ओळखलं जातं. त्याच्या पोटात जस्ताचा एक अणू असतो आणि कात्रीचं पातं तोच. १९८६ मध्ये त्याचं जनुक वाचलं गेलं तेव्हा ४७० अमिनो आम्लांची माळ असल्याचं दिसलं. मला त्यातली सगळ्यात नामी वाटते ती एक वेगळीच सोय. प्रथिनं कापणारी कात्री जिवाणू स्वतःच्या पोटात बनवतो, आणि तो स्वतःही प्रथिनांचाच बनलेला. मग तो स्वतःलाच कसा खाऊन टाकत नाही? तर ही माळ नीट घडी घालायला कॅल्शियम लागतं, आणि जिवाणूच्या आत कॅल्शियम अगदी थोडं असतं. आत असेपर्यंत ती सैल, बिनकामाची राहते. पेशीच्या भिंतीतल्या खास नळीतून बाहेर पडली, बाहेरचं कॅल्शियम भेटलं, की तिची घडी बसते आणि पात्याला धार येते. म्यानातून बाहेर आल्यावरच तलवार तयार व्हावी, असा प्रकार.

बाहेर मात्र ती फार नाजूक. पंचावन्न अंश तापमानात पंधरा मिनिटं ठेवली तर मरते. जठरातल्या आम्लात तर टिकतच नाही. म्हणून गोळीवर असा लेप चढवतात की ती जठर ओलांडून आतड्यात गेल्यावर फुटावी. दहा मिलिग्रॅमची गोळी, वीस हजार एकक, उपाशी पोटी. पण पुढचा प्रश्न तसाच उरतो. एवढं मोठं प्रथिन आतड्याच्या भिंतीतून अख्खंच्या अख्खं रक्तात शिरणार कसं? आपण खाल्लेल्या डाळीतली प्रथिनं तशी शिरत नाहीत, तुकडे होऊनच जातात. १९९४ मध्ये ताकेदाच्याच संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की थोडंसं एन्झाइम धडधाकट स्थितीत रक्तात पोचतं. थोडंसं. ते थोडंसं सुजलेल्या घोट्याला पुरतं का, हे उंदराला विचारता येत नव्हतं.

माणसांना विचारलं गेलं होतं. १९८४ मध्ये जपानमध्ये सायनसची शस्त्रक्रिया झालेल्या १७४ रुग्णांवर गालाची सूज मोजली गेली. १९९० मध्ये इटलीत नाक-कान-घशाच्या १९३ रुग्णांवर चाचणी झाली. दोन्हींत निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. दोन्हींचा निकाल डाझेनच्या बाजूने. अशा अनुकूल निबंधांची चळत वाढत गेली, गोळी युरोपात आणि आशियाभर पसरली. पण बारकाईने पाहणाऱ्याला शंका यायची. अभ्यास लहान, मोजमापं ढोबळ, आणि मुख्य म्हणजे रोग असे निवडलेले की जे आपणहूनच बरे होतात. मुरगळलेला घोटा तिसऱ्या दिवशी कमी दुखतो. दाढ काढलेल्या गालाची सूज आठवड्यात उतरते. हळद-मीठ लावा, पोटीस बांधा किंवा नुसतं रेडिओ ऐकत पडून राहा. अशा दुखण्यात कोणतंही औषध यशस्वी ठरायला फार बुद्धी लागत नाही. माझाही गाल पाचव्या दिवशी जागेवर आला होता आणि श्रेय मी गोळीला देऊन मोकळा झालो होतो.

जपानी सरकारने या बाबतीत एक चिकाटीचं काम केलं. जुन्या काळी ढिल्या नियमांत मंजूर झालेली औषधं पुन्हा तपासायचा शिरस्ता तिथे १९७० च्या दशकापासून होता. डाझेनची पाळी आली, १९९० च्या दशकात फेरतपासणी झाली, आणि गोळी तगली. पण अट पडली की आजच्या पद्धतीने पुन्हा चाचणी करून दाखवा. ताकेदाने दोन चाचण्या केल्या. एक जुनाट कफवाल्यांवर, एक घोटा मुरगळलेल्यांवर. दोन्हींत पोकळ गोळी आणि डाझेन यांच्यात मोजण्यासारखा फरक निघाला नाही.

फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीने डाझेन आपणहून बाजारातून परत घ्यायचं जाहीर केलं. गोळीने कुणाचा बळी घेतला म्हणून नव्हे, तर ती काही करते हे दाखवता आलं नाही म्हणून. त्रेचाळीस वर्षांची गोळी. ज्या डॉक्टरने नोकरीच्या पहिल्या दिवशी ती लिहून दिली असेल, तो तोवर निवृत्त झाला असेल. बातमीवर फारशी चर्चा व्हायला वेळच मिळाला नाही, कारण पुढच्याच महिन्यात भूकंप आणि त्सुनामी आली आणि जपानला बोलायला दुसरे विषय मिळाले. मला या प्रसंगात ताकेदाबद्दल थोडा आदरच वाटतो. आपल्याच मालाची कसून परीक्षा घ्यायची आणि नापास झाल्यावर निकाल खिशात न घालता सांगायचा, हे औषधांच्या बाजारात रोज घडत नाही. अर्थात ती परीक्षा सरकारने मानगुटीवर बसून घ्यायला लावली होती, हेही खरं.

जन्मघरी अशी बोळवण झाली तेव्हा सेरॅटिओपेप्टिडेझ भारतात ऐन भरात होतं. आपल्याकडे ते एकटं फार कमी हिंडतं. डिक्लोफेनॅकबरोबर, अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलबरोबर, एकाच गोळीत दोघं-तिघं. ही जोडी गोळीच्या दृष्टीने फारच सोयीची. वेदना डिक्लोफेनॅक मारतं, ताप पॅरासिटामॉल उतरवतं, सूज निसर्ग उतरवतो, आणि वरातीत मिरवायला सेरॅटिओपेप्टिडेझही असतंच. दातांचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, मुका मार लागलेल्यांना पाहणारे गल्लीतले डॉक्टर, सगळ्यांच्या चिठ्ठीवर ते असतं. २०१३ मध्ये दिल्लीच्या तीन डॉक्टरांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र चाळून लिहिलं की हे औषध वेदना आणि सूज यांवर वापरावं म्हणायला पुरेसा भक्कम पुरावा नाही आणि दीर्घकाळच्या सुरक्षिततेबद्दलही माहिती तोकडी आहे. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी ते जपूनच घ्यावं असं सांगितलं जातं; एरवी त्रास सहसा होत नाही. त्रास होत नाही हीच त्याच्या दीर्घायुष्याची किल्ली असावी.

आणि माल येतो कुठून? महाराष्ट्रातूनही. ठाण्याची अॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज ही कंपनी हे एन्झाइम बनवणाऱ्यांपैकी एक. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जिला जुनी माणसं अजून यूडीसीटी म्हणतात, जिवाणूला काय खाऊ घातलं तर तो जास्त सेरॅटिओपेप्टिडेझ देईल यावर निबंध झालेले आहेत. अळीचा यात कुठेही हात लागत नाही. मोठ्या स्टीलच्या टाक्या, गढूळ कोमट रस्सा, आत फिरणारे पंखे आणि त्यात वाढणारा जिवाणू. जालन्याला २०१८ मध्ये रेशीमकोषांची बाजारपेठ सुरू झाली, तिथे कोष घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला या टाकीशी काही देणंघेणं नाही. त्याच्या लेखी अळीच्या पोटातला जिवाणू म्हणजे ‘फ्लॅचरी’, अळ्या मऊ पडून, काळ्या होऊन, दुर्गंधी सोडत मरण्याचा रोग. अळ्यांच्या अशाच रोगांपायी १८६५ ते १८७० ही वर्षं लुई पाश्चरने फ्रान्समधल्या आलेसच्या रेशीमघरांत काढली होती.

शेतकऱ्याची समज डबीवरच्या मजकुरापेक्षा खरी निघाली. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये रेशमाच्या अळ्यांना सेराशिया टोचून काय होतं ते पाहिलं. अळीच्या रक्तातल्या पहारेकरी पेशी एरवी जखमेशी चिकटतात, घुसलेल्या जिवाणूला घेरतात. सेराशिया शिरला की त्यांची पकड सुटते आणि अळीच्या अंगातून रक्त वाहायला लागतं. हे कशाने होतं याचा माग काढत ते एका एन्झाइमपाशी पोचले. जस्ताचं पातं, कॅल्शियमने बसणारी घडी, नाव सेरालायसिन. म्हणजे आपल्या गोळीतल्या एन्झाइमचं सख्खं भावंड.

मध्यंतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये स्ट्रिप घेताना केमिस्टला सहज विचारलं, हे कशापासून करतात ठाऊक आहे का? त्याने स्ट्रिप कातरता कातरता मान वर न करता सांगितलं, “रेशमाच्या किड्याची लाळ. कोष फोडतो ना तो, तीच.” मग सहा गोळ्या कागदी पाकिटात घालून वर लिहिलं, सकाळी एक, रात्री एक, जेवणाआधी.